दुकानातील पहिला शब्द

बाजाराचा इतिहास लिहिणारे भाव लिहितात, जकातीचे दर लिहितात, कोणत्या वाटेने कोणता माल आला तेही लिहितात. परंतु गिऱ्हाइकाने दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवताच दुकानदार काय बोलला, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. वास्तविक पुष्कळदा सारा व्यवहार त्या पहिल्या शब्दावरच ठरतो. जो मनुष्य अमुक वस्तू घ्यावयाची असे ठरवूनच घरून निघाला, त्याच्याशी बोलण्यास विशेष कौशल्य लागत नाही. तो वस्तूचे नाव घेतो व दुकानदार ती पुढे करतो. खरा पेच उत्पन्न होतो तो नुसते पाहावयास आलेल्या माणसापाशी. त्याच्या खिशात पैसे असतील किंवा नसतीलही. त्याचे मन झाले असेल किंवा व्हावयाचे असेल. त्यास हटकावे तर तो बिचकतो. न हटकावे तर आपली कोणी दखल घेतली नाही असे मानून निघून जातो. हा पेच विक्रीशास्त्राच्या आधुनिक पुस्तकांनी निर्माण केलेला नाही. त्याचे मूळ बाजाराच्या घडणीत आहे, आणि ते शोधावयाचे तर नागपूरसारखे दुसरे सोयीचे शहर नाही.

नागपुरात धंतोलीहून सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यास पायी जाण्यास फार तर पाव तास पुरतो. धंतोली ही एके काळी प्रामुख्याने वकील, डॉक्टर, शिक्षक अशा मंडळींची वस्ती. आज तिच्या गल्लोगल्ली रुग्णालये झाली आहेत व त्यांच्या आश्रयाने औषधांची दुकाने उभी आहेत. १९२८ साली स्थापन झालेला रामकृष्ण मठही येथेच आहे व त्याचे ग्रंथविक्रीचे दालनही येथेच. या वस्तीतून निघून बर्डीवर पोहोचेपर्यंत पहिल्या शब्दाचे किती प्रकार आढळावेत? औषधांचा दुकानदार बहुधा बोलतच नाही. चिठ्ठीसाठी हात पुढे करतो. पुस्तके चाळणाऱ्यास ग्रंथदालनात कोणी हटकीत नाही. पदपथावरचा विक्रेता येणाऱ्याजाणाऱ्यास उद्देशून म्हणतो, ‘‘या जी, पाहून तं घ्या!’’ कापडाच्या जुन्या पेढीवरचा मनुष्य म्हणतो, ‘‘या, बसा. काय दाखवू?’’ आणि काचेच्या दारांच्या मोठ्या दुकानात गणवेशातील तरुण किंवा तरुणी पुढे होऊन विचारते, ‘‘मदत करू का?’’ हे निरनिराळ्या माणसांचे निरनिराळे स्वभाव आहेत असे वरवर वाटते. थोडा विचार केल्यास ते निरनिराळे काळ आहेत असे दिसून येईल.

यांपैकी सर्वांत जुना प्रकार पुकाऱ्याचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जकातनाक्याचे नियम आहेत. व्यापाऱ्याने ध्वजापाशी माल आणावा, त्याचे परिमाण व किंमत सांगावी आणि ‘हा कोण घेतो?’ असे तीन वेळा पुकारावे, असा दंडक तेथे घातला आहे. त्याच ग्रंथात देशी मालावर शेकडा ५ व परदेशी मालावर शेकडा १० एवढाच नफा घेण्याची मर्यादाही सांगितली आहे. म्हणजे विक्रीचा पहिला शब्द कोणा एकास उद्देशून नसून सर्वांस उद्देशून होता, आणि त्यात किंमत आधी सांगितली जात होती. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नागपूरचा बाजारही याच पुकाऱ्यातून वाढला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी या नगराचा पाया घातला व पुढे रघूजी भोसल्यांच्या अमलात त्यास राजधानीची कळा आली. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी ही येथील वस्त्यांची नावे आजही आठवडी बाजारांची साक्ष देतात. आठवडी बाजारात माल जमिनीवर उघडा मांडलेला असतो. गिऱ्हाईक चालता चालता पाहते. त्यास कोणी पायरी चढावयास सांगत नाही, की जोडे काढावयास लावीत नाही. विक्रेता वांग्यांची किंवा संत्र्यांची स्तुती हवेत करतो. ज्यास ऐकावयाची तो थांबतो. थांबणे हेच गिऱ्हाइकाचे पहिले बोलणे होय. त्यानंतर विक्रेत्याच्या तोंडी ‘माय’, ‘भाऊ’, ‘बाई’ ही नात्याची संबोधने येतात व भावाची घासाघीस सुरू होते. या बाजारात पाहणे फुकट आहे, आणि न घेता पुढे जाण्यात कोणालाच ओशाळे वाटत नाही. संध्याकाळच्या गुजरीत भाजी घेणाऱ्या गृहिणीस हे मोकळेपण आजही लाभते.

पुकाऱ्याच्या अगदी उलट प्रकार दलालांच्या व्यवहारात होता. गुरांच्या व धान्याच्या बाजारांत उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. शेजारी उभ्या असलेल्या मनुष्यासही आकडा कळू नये हा तिचा हेतू. बोलून व्यवहार करणेच भाग पडले तर नंदभाषा नावाची सांकेतिक बोली होती. तीत केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन व पोकू म्हणजे चार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, या बोलीची नोंद करून ठेवली आहे. या गुप्ततेचे कारण उघड आहे. एकाच वस्तूचा भाव माणसागणिक बदलत होता. त्यामुळे विक्रेता बोलण्यापूर्वी समोरच्याचे पागोटे पाही, जोडे पाही, गाव विचारी, आणि त्यावरून आकडा मनात धरी. ‘‘कोणते गाव?’’ हा प्रश्न तोंडाने आपुलकीचा, परंतु पोटात मापाचा असे. मराठी गिऱ्हाइकास दुकानदाराच्या पहिल्या प्रश्नाचा जो एक जन्मजात संशय वाटतो, त्याचे एक मूळ येथे आहे.

पेठेतील पक्क्या दुकानांनी तिसरी रीत घडविली. इतवारीत किंवा महालात कापडाची पेढी म्हणजे पांढऱ्याशुभ्र गाद्यांची बैठक. माल मांडलेला नसे. तो गठ्ठ्यांत किंवा कपाटांत बंद असे. गिऱ्हाइकाने जोडे काढून गादीवर बसावयाचे. मग पाणी येई, क्वचित पान येई, पाऊसपाण्याची, लेकीबाळींची विचारपूस होई, आणि त्यानंतर शेटजी किंवा त्यांचा गुमास्ता विचारी, ‘‘काय दाखवू?’’ हा प्रश्न बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘काय हवे?’ असे तो विचारीत नाही. ‘काय हवे?’ या प्रश्नास उत्तर देण्यासाठी गिऱ्हाइकाचा निश्चय झालेला असावा लागतो. ‘काय दाखवू?’ या प्रश्नास निश्चयाची गरज नाही. दाखविण्याचे श्रम आपल्याकडे घेऊन दुकानदार गिऱ्हाइकास पाहण्याची मोकळीक देतो. ‘बघायला काय पैसे पडतात?’ हे कापडदुकानांतील लाडके वाक्य त्याच प्रश्नाचा पुढचा चरण होय.

या रीतीतील उत्तम कारागीर दोन. पहिला लुगड्यांच्या दुकानातला जुना गुमास्ता. तो किमतीची भाषा आधी कधीच काढीत नाही. ‘‘कार्य कोणाचे?’’ किंवा ‘‘नेसायचे कोणाला?’’ असे तो विचारतो. या एका प्रश्नाने वधू, वरमाय किंवा मावशी दुकानात येऊन बसते; रंग, काठ, पदर यांची चर्चा आपोआप निघते, आणि खर्चाचा अंदाजही गिऱ्हाईक स्वतःच सांगून टाकते. मग तो एखादे लुगडे उलगडतो व संकोच न बाळगता पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवितो. दुसरा कारागीर कासार. त्याचा माल गिऱ्हाइकाच्या हातातच चढावयाचा असल्याने बोलण्यावाचून त्याचा धंदा होणे अशक्य. बांगडी चढविताना हात दुखू नये म्हणून तो माहेरची गोष्ट काढी, गावोगावच्या बातम्या सांगी. बाईचे लक्ष गोष्टीत गुंतले की बांगडी मनगटावर बसलेली असे. वस्तूस स्पर्श झाल्यावर बोलणे सुरू करावे, त्यापूर्वी नाही, हा धडा कासाराने कोणत्याही शाळेत न जाता घेतला होता.

गादीच्या या पाहुणचारात एक गोम मात्र होती. वीस लुगडी उलगडून झाल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर, हात हालवीत उठणे भल्याभल्यांस जमत नसे. फुकट पाहण्याचे ओझे मनावर बसे. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकावर तर हे ओझे दुप्पट. भवानीच्या वेळी न घेता उठणे म्हणजे दुकानदाराचा दिवस बिघडविणे, अशी समजूत दोन्ही बाजूंस होती. पुकाऱ्याच्या बाजारात जे पाहणे निर्धोक होते, ते गादीवर आदराच्या पोटी बंधनकारक झाले.

परंतु याहूनही गंभीर गोष्ट निराळीच आहे. ‘या, बसा’ हे शब्द उच्चारले जात होते कोणासाठी? गावोगावच्या पेठांत अस्पृश्य मानलेल्या माणसास दुकानाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. त्याने रस्त्यावर उभे राहून हाक मारावयाची, नाणे खाली ठेवावयाचे, आणि दुकानदाराने वरून सोडलेला माल झेलावयाचा. त्याला कोणी ‘काय दाखवू?’ असे विचारीत नसे, कारण पाहून, हाताळून, नापसंत करण्याचा अधिकार त्यास आहे ही कल्पनाच मान्य नव्हती. नागपूर भागात जाडेभरडे कापड विणणाऱ्यांत महार विणकर पुष्कळ होते. ज्या हातांनी कापड विणावे त्याच हातांनी ते दुकानात चाचपून पाहू नये, असा हा उफराटा न्याय होता. गोंड, कोरकू आदी रानातून येणाऱ्या माणसांची दशा फारशी वेगळी नव्हती. त्यांच्याशी बोलणे होई ते बहुधा दरडावून. पहिल्या शब्दाचा इतिहास लिहिताना तो कोणास नाकारला गेला हेही लिहिलेच पाहिजे.

हा नकार अखेर कायद्याने मोडावा लागला. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी भेदभावविरोधी कलमावर चर्चा चालू असता ‘दुकान’ या शब्दाच्या व्याप्तीविषयी प्रश्न निघाला. नाभिकाचे दुकान, धोब्याचे दुकान यांचा त्यात समावेश होतो काय, असे सभासदांनी विचारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिले त्याचा आशय असा, की हा शब्द व्यापक अर्थाने योजला असून जो कोणी मोबदला घेऊन सेवा देण्यास बसला आहे त्या सर्वांस तो लागू आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणाही नागरिकास दुकानात प्रवेश करण्यास अडथळा होता कामा नये, असे नमूद झाले. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने त्यास शिक्षेची जोड दिली. राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात दुकानाच्या पायरीचा उल्लेख व्हावा, ही घटना साधी नव्हे. दुकानात शिरणे, पाहणे, नाकारणे ही नागरिकत्वाचीच अंगे होत, असा तिचा अर्थ आहे.

कायदा येण्यापूर्वीच बाजाराची घडण बदलू लागली होती. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. योगायोग असा, की त्याच सुमारास दिल्लीच्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, अंगावर खादी घालून उपस्थित होते. एकीकडे गिरणीचे कापड व दुसरीकडे हातमागाचे, असे हे चित्र आहे. परंतु दुकानातील बोलण्यावर दोन्हींचा परिणाम एकच झाला. गिरणीचे कापड एकाच प्रतीचे, ठराविक पन्ह्याचे, छाप मारलेले. त्याचा पोत चाचपून त्याचा भाव अनुमानाने ठरविण्याचे कारण उरले नाही. स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनीही व्यवहार सचोटीचा दिसावा यासाठी एकाच भावाचा आग्रह धरला. ‘एकच भाव’ अशी पाटी दुकानांवर झळकू लागली व माणूस पाहून आकडा सांगण्याची विद्या मागे पडू लागली.

पश्चिमेकडे हेच परिवर्तन थोडे आधी घडले होते. पॅरिसमध्ये बों मार्शे या दुकानात १८५२ साली आरिस्तिद बुसिको शिरला. त्याने मालावर किंमत लिहिली, आणि घ्यावयाचे नसले तरी आत या व पाहा, असा परिपाठ पाडला. लंडनमध्ये गॉर्डन सेल्फ्रिजने १९०९ साली आपले प्रचंड दुकान उघडले. त्याच्याविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. पूर्वी तो लंडनच्या एका दुकानात सहज शिरला असता तेथील नोकराने विचारले, काही घेणार आहात काय? नुसते पाहतो आहे, असे त्याने सांगताच त्यास बाहेरची वाट दाखविण्यात आली. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यातील अनुभव सार्वत्रिक आहे. आपल्याकडे मुंबईत १८९७ पासून अकबरअलीजसारखी बहुविध वस्तूंची दुकाने निघाली व मांडलेला माल हिंडून पाहण्याची गोडी मध्यमवर्गास लागली.

मुंबईतील पुस्तकांच्या दुनियेत हीच गोष्ट एका माणसाने मनावर घेतली. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड बुक स्टॉल सुरू केला. विद्यार्थिदशेत एका दुकानात पुस्तके चाळताना झालेला अपमान या उपक्रमाच्या मुळाशी होता, असे सांगितले जाते. त्यांच्या दुकानात वाचकाने तासन् तास पुस्तके चाळावीत, न घेता जावे, यास आडकाठी नव्हती, व किमतीत भरघोस सूट असे. २००३ साली या ग्रंथविक्रेत्यास पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते दुकान बंद झाले. तथापि चाळणारा वाचक हा उद्याचा घेणारा वाचक आहे, ही शिकवण त्याने मागे ठेवली.

विदर्भात नव्या प्रकारच्या बोलण्याची एक शाळा वर्ध्याकडून आली. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला व १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघाने वर्ध्यास बस्तान बसविले. खादी भांडारातील माल गिरणीच्या मालापेक्षा जाड आणि महाग. तेथे स्तुती चालण्यासारखी नव्हती व घासाघीसही नव्हती. मग विक्रेत्याने बोलावे काय? सूत कोठे कातले, कापड कोठे विणले, धुतल्यावर त्याचे काय होते, हे तो सांगे. गिऱ्हाइकाच्या खिशाकडून बोलण्याचा रोख वस्तूच्या जन्मकथेकडे वळला. वस्तूविषयी खरी माहिती हाच संभाषणाचा आरंभ, हा विक्रीच्या इतिहासातील मोठा पालट होय.

याच संदर्भात एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. अनेक दुकानांत गांधीजींच्या नावाने एक तक्ता टांगलेला आढळतो. गिऱ्हाईक हा दुकानातील सर्वांत महत्त्वाचा पाहुणा असून तो आपल्यावर नव्हे तर आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा आशयाचे ते वचन १८९० साली दक्षिण आफ्रिकेत उच्चारल्याचेही कधीकधी लिहिलेले असते. परंतु १८९० साली गांधीजी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करीत होते. दक्षिण आफ्रिकेत ते १८९३ साली गेले. असल्या वाक्यांचा उगम अमेरिकेतील व्यापारी लिखाणात १९४१ च्या सुमारास सापडतो. वचन चांगले आहे, परंतु त्यास उसन्या थोरवीची जरुरी नाही.

एकाच भावाने बाजारात सचोटी आणली तसा एक तोटाही आणला. भाव पाटीवर लिहिला गेल्यावर बोलण्याचे कामच उरले नाही. पुण्याच्या दुकानदाराच्या तुटकपणावर पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर व नागपूरकर यांच्या प्रसिद्ध तुलनेत महाराष्ट्रास पोटभर हसविले आहे. त्या थट्टेच्या तळाशी एक व्यापारी सत्य आहे. ज्यास भाव कमी करावयाचा नाही व ज्याचा माल अकरा वाजण्यापूर्वी संपतो, त्यास गोड बोलण्याचे प्रयोजन वाटत नाही. नागपूरकडचा दुकानदार ‘या जी’ म्हणून खुर्ची पुढे करतो, तर त्यात स्वभावाइतकाच जुन्या गादीचा संस्कारही आहे. तुटक बोलणारा मनुष्य लबाड नसतो आणि गोड बोलणारा प्रत्येक वेळी प्रामाणिक असतोच असे नाही. गिऱ्हाइकास मात्र सचोटी आणि सौजन्य दोन्ही हवी असतात.

पुढचा टप्पा तर अगदीच अबोल. अमेरिकेत मेम्फिस शहरी १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्सने असे दुकान काढले, की ज्यात गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून माल उचलावा व दाराशी पैसे द्यावेत. आपल्याकडे मुंबईत नायगावच्या कामगारांनी १९४८ साली सुरू केलेले सहकारी भांडार ‘अपना बाजार’ म्हणून वाढले. १९९१ नंतर मोठमोठी वस्त्रभांडारे आली व नव्या शतकात नागपुरातही मॉल उभे राहिले. बांधीव मालावर कमाल किंमत छापण्याची सक्ती झाली. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली आणि १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. गिऱ्हाइकास माहितीचा हक्क मिळाला. आता पहिला शब्द मालाच्या वेष्टनावरच छापलेला असतो.

तरीही मोठ्या दुकानांनी बोलणारी माणसे ठेवलीच. ‘‘मदत करू का?’’ हा प्रश्न इंग्रजी रिवाजावरून घेतला आहे. तो सभ्य आहे, परंतु निरुपयोगी आहे. कारण त्यास ‘‘नको, नुसते पाहतो आहे’’ हे एकच सोपे उत्तर आहे आणि ते देताच बोलण्याचे दार लागते. गिऱ्हाईक असे का म्हणते, हे आतापर्यंतच्या इतिहासावरून समजण्यासारखे आहे. त्याच्या मनात दलालाच्या मापाची भीती आहे, गादीवरच्या ओशाळेपणाची आठवण आहे, आणि कित्येकांच्या घरात पायरीवरून हाकलले गेल्याची कथा दोन-तीन पिढ्यांमागचीच आहे. ‘नुसते पाहतो आहे’ हे वाक्य नकाराचे नसून हक्काचे आहे. तो हक्क मान्य झाल्यावाचून बोलणे पुढे सरकत नाही.

विचारणाऱ्याचीही बाजू पाहिली पाहिजे. गादीवर शेटजी, गुमास्ता व गिऱ्हाईक तिघेही बसलेले असत. नव्या दुकानातील विक्रेता व विक्रेती दिवसभर उभी असते. मध्यप्रांत व वऱ्हाडात दुकानांतील नोकरांच्या तासांस व साप्ताहिक सुटीस बांध घालणारा कायदा १९४७ साली झाला; त्यापूर्वी गुमास्त्याचा दिवस दिवेलागणीनंतरही संपत नसे. बसावयास आसन देणे दुकानदारांवर बंधनकारक करणारी दुरुस्ती केरळने २०१८ साली व तामिळनाडूने २०२१ साली केली. ज्याचे पाय दुखत आहेत व ज्यास रोज ठराविक विक्री दाखवावयाची आहे, त्याच्या तोंडी प्रश्न पाठ केलेला येतो यात नवल नाही. पहिला शब्द आपुलकीचा हवा असेल तर तो उच्चारणाऱ्यासही थोडी आपुलकी लाभली पाहिजे.

मग नुसते पाहणाऱ्याशी बोलावे कसे? जुन्या-नव्या रीतींतील चांगला अंश निवडला तर उत्तर फार दूर नाही. आत येणाऱ्याकडे पाहून मान लववावी, परंतु त्याची नजर दुकानभर फिरेपर्यंत थांबावे. हे आठवडी बाजाराचे शहाणपण. त्याने एखादी वस्तू हातात घेतली म्हणजे त्या वस्तूविषयीच एक खरी गोष्ट सांगावी. हे कासाराचे आणि खादी भांडाराचे शहाणपण. प्रश्न विचारावयाचा तर ‘हो’ किंवा ‘नाही’ने संपणारा नसावा, ‘‘कोणासाठी पाहता?’’ असा, बोलते करणारा असावा. हे लुगड्यांच्या गुमास्त्याचे. किंमत विचारण्याची वेळ येऊ देऊ नये, ती दिसेल अशी लिहावी. हे एकाच भावाचे, आणि खरे तर कौटिल्याच्याही काळचे. माणसाच्या कपड्यांवरून त्याच्या ऐपतीचे अनुमान करून आवाज चढवू वा उतरवू नये. ही तर संविधानाचीच आज्ञा.

धंतोलीतील औषधाच्या दुकानात या साऱ्याची कसोटी लागते. तेथे नुसते पाहावयास कोणी येत नाही असे वाटेल. परंतु चिठ्ठी हातात धरून, किंमत किती होईल या धास्तीने दाराशी घुटमळणारा खेड्यातला मनुष्य तेथे रोज असतो. त्यास मोठ्याने ‘‘काय पाहिजे?’’ असे विचारले तर त्याची चिंता सर्वांसमोर उघडी पडते. ‘‘दादा, चिठ्ठी दाखवा, किती दिवसांचे घ्यायचे ते मग ठरवू,’’ एवढे हलक्या आवाजात म्हटले तर तो आत येतो. थोड्या दिवसांचे औषध घेऊन जाण्यात लाज नाही हे त्यास कळते. येथे पहिल्या शब्दाचा संबंध केवळ विक्रीशी नाही. कोणाच्या तरी प्रकृतीशी आहे.

मराठीत ‘या’ हा शब्द मोठा उपयोगी आहे. आलेल्यास तो आत बोलावतो आणि निघालेल्यास निरोप देतानाही तोच म्हणतात. पुन्हा येण्याचे आमंत्रण निरोपातच मिळते. काही न घेता पायरी उतरणाऱ्या गिऱ्हाइकास दुकानदाराने मनापासून ‘‘या’’ म्हटले, तर त्याच्या पुढच्या खेपेचा पहिला शब्द त्याच वेळी उच्चारून झालेला असतो.